तंत्रज्ञानाची गुलामी आणि बेंगळुरूचा धडा

२०२५ सालच्या जुलै महिन्यात बेंगळुरू शहरात एक विलक्षण दृश्य पाहावयास मिळाले. देशाची 'संगणक-राजधानी' म्हणून ज्या शहराचा डंका जगभर पिटला जातो, त्याच शहरातील चहाच्या टपऱ्यांवर, बेकऱ्यांवर, किराणा दुकानांवर आणि भाजीच्या गाड्यांवर हाताने लिहिलेले फलक झळकू लागले : 'यूपीआय नाही, फक्त रोख.' कालपर्यंत दुकानाच्या दर्शनी भागी मानाने चिकटवलेले क्यूआर कोड खाली उतरवण्यात आले. दहा रुपयांच्या चहासाठीही फोन पुढे करण्याची सवय झालेले गिऱ्हाईक खिसे चाचपू लागले.

यामागचे कारण सर्वश्रुत आहे. कर्नाटक सरकारच्या वाणिज्य कर खात्याने यूपीआयचा व्यवहार करणाऱ्या कंपन्यांकडून २०२१-२२ ते २०२४-२५ या चार वर्षांची आकडेवारी मिळवली आणि ज्यांच्या खात्यात ठराविक मर्यादेपेक्षा अधिक रक्कम जमा झाली, अशा हजारो छोट्या विक्रेत्यांना वस्तू व सेवा कराच्या नोटिसा धाडल्या. हावेरी येथील एका भाजीविक्रेत्याकडे तर चार वर्षांतील १ कोटी ६३ लाखांच्या उलाढालीबद्दल २९ लाख रुपयांची मागणी करण्यात आली. ताज्या भाजीवर हा कर मुळात लागूच होत नाही, याची तमा खात्याच्या यंत्राने बाळगली नाही.

या घटनेवर भांडवलदारी वृत्तपत्रांतून जी चर्चा झाली, तिचे सूर दोन होते. एका सुराने टपरीवाल्याला करबुडवा ठरवले. दुसरा सूर अधिक सभ्य, अधिक सुशिक्षित आणि म्हणूनच अधिक घातक होता. लोक किती परावलंबी झाले आहेत पाहा, फोन बंद पडला तर यांना चहासुद्धा पिता येत नाही, असा सुस्कारा टाकून त्याने आत्मसंयमाचा उपदेश केला. आठवड्यातून एक दिवस फोनचा उपवास करावा, मुलांच्या हाती फोन देऊ नये, जुन्या साध्या राहणीकडे वळावे, असा हा उपदेश आहे. खेदाची गोष्ट अशी की, चळवळीतील काही साथीही याच सुरात सूर मिसळतात आणि तंत्रज्ञानावरील परावलंबन हा जणू मध्यमवर्गाच्या चंगळवादाचा एक भाग आहे, असे मानून मोकळे होतात. हे निदान चुकीचे आहे, आणि चुकीच्या निदानातून निघालेला उपाय शत्रूच्याच पथ्यावर पडतो.

सवय लागली की लावली गेली?

छोट्या विक्रेत्याने यूपीआय स्वीकारले ते हौसेने नव्हे. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री चलनातील सुमारे ८६ टक्के मूल्याच्या नोटा एका घोषणेने रद्द करण्यात आल्या. काळा पैसा नष्ट होणार, अशी गर्जना झाली होती. पुढे रिझर्व्ह बँकेच्याच अहवालाने सांगितले की, रद्द झालेल्या नोटांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक नोटा बँकांत परत आल्या. काळा पैसा जागच्या जागी राहिला. हातावर पोट असलेल्यांचा धंदा मात्र महिनोन् महिने बुडाला. याच काळात, एप्रिल २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयचा डांगोरा सरकारने पिटला. पुढे कोविडच्या साथीत नोटेला हात लावण्याचीच भीती निर्माण झाली. १ जानेवारी २०२० पासून यूपीआयच्या व्यवहारावर दुकानदाराकडून शुल्क घेणे बंद झाले. गिऱ्हाईक रोख घेऊन येईनासे झाले, तेव्हा टपरीवाल्यापुढे दोनच पर्याय उरले : कोड चिकटवणे किंवा गिऱ्हाईक घालवणे.

या सोयीचे फायदे नाकारण्यात अर्थ नाही. सुट्ट्या पैशांची कटकट संपली, खोट्या नोटेची भीती गेली, गल्ल्यातील पैसा चोरीस जाण्याचा धोका कमी झाला. गावाकडे आईवडिलांना पैसे धाडणाऱ्या स्थलांतरित मजुराला पोस्टाच्या रांगेत दिवस मोडावा लागत नाही. परंतु एखादी गोष्ट सोयीची असणे आणि तिच्याखेरीज दुसरा मार्गच न उरणे, यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. नदीवर पूल बांधला ही प्रगती झाली. पूल बांधून झाल्यावर नावा जाळल्या आणि पुलाच्या तोंडाशी नाकेदार बसवला, तर ती प्रगती राहात नाही. ती कोंडी होते. बेंगळुरूच्या विक्रेत्याला जुलै २०२५ मध्ये कळले ते हेच, की जो पूल आपण वापरत होतो त्यावर आपल्या प्रत्येक पावलाची नोंद होत होती आणि ती नोंद आपल्या हाती नव्हती.

ही नोंद किती आंधळी असते तेही पाहावे. मालाची विक्री करणाऱ्यास नोंदणीची मर्यादा वर्षाला ४० लाख रुपये आहे. दिवसाला ही रक्कम सुमारे ११ हजार रुपये होते. दूध, पाव, अंडी, सिगारेट विकणाऱ्या कोपऱ्यावरच्या दुकानात एवढी विक्री सहज होते. परंतु दुधाच्या पिशवीमागे दुकानदाराला जे सुटते ते नगण्य असते. विक्री म्हणजे मिळकत नव्हे, हे कोणताही पोरसवदा गुमास्ता सांगू शकेल. त्यातच मेहुण्याकडून घेतलेले उसने पैसे, भिशीची रक्कम, मुलाने पाठवलेला पगार, हे सारे त्याच एका खात्यात जमा होते. यंत्राच्या लेखी ही सगळी 'उलाढाल'. आणि पारदर्शकतेचा हा लखलखाट पडतो कोणावर? सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारने कंपन्यांवरील प्राप्तिकराचा मूळ दर ३० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आणला आणि सरकारच्याच अंदाजानुसार वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी रुपयांच्या महसुलावर पाणी सोडले. तेथे कोणास नोटीस गेली नाही. दहा रुपयांच्या चहाचा हिशेब मात्र कवडी-कवडीने ठेवला गेला. कर बुडवावा असे कोणीही म्हणणार नाही. शाळा, दवाखाने, रेशन करातूनच चालतात. प्रश्न असा आहे की, तंत्रज्ञानाचा दिवा कोणाच्या झोपडीत रोखला जातो आणि कोणाच्या हवेलीसमोर मालवला जातो.

रूळ जनतेचे, गाडी मक्तेदारांची

यूपीआय हे भारताच्या सार्वजनिक कर्तृत्वाचे उदाहरण म्हणून सांगितले जाते, आणि त्यात अर्धे सत्य आहे. ही व्यवस्था राष्ट्रीय देयक निगम चालवते. रिझर्व्ह बँक व बँकांची संघटना यांच्या पुढाकाराने २००८ मध्ये स्थापन झालेल्या या निगमाची मालकी बँकांकडे आहे. म्हणजे रूळ टाकले ते बहुतांशी सार्वजनिक पैशांतून. परंतु त्या रुळांवरून धावणाऱ्या गाड्या कोणाच्या? यूपीआयच्या एकूण व्यवहारांपैकी सुमारे ८० टक्के व्यवहार फोनपे आणि गुगल पे या दोनच अॅपमधून होतात. फोनपेचे मुख्यालय बेंगळुरूत असले, तरी तिची सर्वांत मोठी मालक अमेरिकेची वॉलमार्ट कंपनी आहे. गुगलबद्दल अधिक सांगण्याचे कारण नाही. सरकारी भीम अॅप ३० डिसेंबर २०१६ रोजी मोठ्या समारंभाने सुरू झाले. त्याचा वाटा आज नगण्य आहे.

कोणत्याही एका अॅपकडे ३० टक्क्यांहून अधिक व्यवहार नसावेत, असा नियम निगमाने नोव्हेंबर २०२० मध्येच जाहीर केला होता. त्याची मुदत पुढे ढकलत ढकलत २०२६ अखेरपर्यंत नेण्यात आली. कारण काय सांगितले जाते? लोक या अॅपवर इतके अवलंबून आहेत की, मर्यादा घातली तर व्यवहार ठप्प होतील! परावलंबनाचा खरा उपयोग येथे उघडा पडतो. आधी जनतेला परावलंबी करावे आणि मग त्याच परावलंबनाची ढाल पुढे करून मक्तेदारीला हात लावू देऊ नये. शुल्क नसल्यामुळे होणाऱ्या तोट्याची भरपाई पुन्हा सरकारी तिजोरीतून. केवळ २०२४-२५ या वर्षासाठी केंद्राने १,५०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली आणि तिचा वाटा बँकांबरोबर अॅपवाल्या कंपन्यांनाही मिळतो. पैसा जनतेचा, माहिती कंपनीची, धोका टपरीवाल्याचा, अशी ही वाटणी आहे.

आणि यंत्र बंद पडले तर? २६ मार्च, १ एप्रिल आणि १२ एप्रिल २०२५ अशा तीन दिवशी, अवघ्या तीन आठवड्यांत, यूपीआय देशभर अडखळले. त्या तासांत ज्याच्या खिशात नोट होती तो जेवला. ज्याच्याकडे नव्हती तो बँकेत पैसे असूनही भिकारी ठरला.

लगाम सातासमुद्रापार

हे परावलंबन केवळ टपरीपुरते नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीने आपल्या सुरक्षा-प्रणालीत एक सदोष बदल धाडला आणि जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक एका फटक्यात बंद पडले. बेंगळुरूच्या केंपेगौडा विमानतळासह देशातील अनेक विमानतळांवर गोंधळ उडाला. कित्येक ठिकाणी प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. ज्या शहरातील लाखो तरुण जगाच्या बँका आणि विमानकंपन्यांसाठी प्रणाली लिहितात, त्या शहराला स्वतःचा विमानतळ चालता ठेवण्यासाठी टेक्सासमधील एका कंपनीने चूक दुरुस्त करण्याची वाट पाहावी लागली.

तो अपघात होता, असे म्हणता येईल. एका वर्षाने जे घडले तो अपघात नव्हता. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने नायरा एनर्जी या तेल कंपनीवर निर्बंध जाहीर केले. या कंपनीत रशियाच्या रोसनेफ्टचा जवळपास अर्धा वाटा आहे आणि गुजरातेतील वाडिनार येथे तिचा मोठा तेलशुद्धीकरण कारखाना आहे. भारताने हे निर्बंध मान्य केलेले नव्हते. तरीही मायक्रोसॉफ्टने कंपनीच्या ईमेल व इतर सेवा बंद केल्या. कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले, तेव्हा कोठे सेवा पूर्ववत झाल्या. भारताच्या भूमीवर, भारताच्या कायद्यानुसार चालणाऱ्या कारखान्याची पत्रापत्री दुसऱ्या खंडातील निर्णयाने तोडली जाऊ शकते, हे त्या दिवशी सिद्ध झाले. साम्राज्यवादाला गनबोट धाडण्याची आता प्रत्येक वेळी गरज उरलेली नाही. कळ दाबली तरी पुरते.

अॅप नावाचा मुकादम

ज्यांच्यासाठी तंत्रज्ञान ही सोय नसून रोजीरोटी आहे, त्यांची अवस्था याहून बिकट आहे. बेंगळुरूच्या रस्त्यांवर अन्नाची पाकिटे पोहोचवणारा तरुण सकाळी फोन उघडतो, तेव्हा कोणते काम मिळेल, त्याचे किती पैसे मिळतील आणि संध्याकाळपर्यंत आपले खाते चालू राहील की नाही, यांतील काहीही त्याच्या हाती नसते. गिरणीतील मुकादम निदान दिसत तरी होता. त्याच्याशी भांडता येत होते, त्याला घेराव घालता येत होता. अॅपमधील मुकादमाला चेहरा नाही.

याच शहराने प्रतिकारही दाखवला आहे. खाजगी अॅपच्या कमिशनला विटलेल्या रिक्षाचालकांच्या संघटनेने २०२२ मध्ये कमिशनविरहित 'नम्म यात्री' हे अॅप पुढे आणले आणि ते शहरभर पसरले. परंतु त्याची बांधणी एका खाजगी कंपनीने केली होती. २०२४ मध्ये त्या उद्योगात इतर गुंतवणूकदारांबरोबर खुद्द गुगलचेही भांडवल आले. चालकांनी उभारलेल्या दाराशीही भांडवल येऊन उभे राहते, याची ही खूणगाठ आहे. दुसरीकडे, कामगार संघटनांच्या प्रदीर्घ रेट्यामुळे कर्नाटकाने २०२५ मध्ये गिग कामगारांसाठी कायदा केला. प्रत्येक व्यवहारामागे कामगाराच्या मोबदल्याच्या १ ते ५ टक्के इतके कल्याण शुल्क कंपनीने भरावे, आणि कारण व पूर्वसूचना दिल्याखेरीज कामावरून काढू नये, अशी तरतूद त्यात आहे. कायदा अपुरा आहे. तरी चेहरा नसलेल्या मुकादमाला कायद्याच्या कागदावर आणता येते, एवढे त्याने दाखवून दिले.

प्रणाली लिहिणारा अभियंता तरी स्वतंत्र आहे काय? जुलै २०२४ मध्ये याच राज्यात माहिती-तंत्रज्ञान कर्मचाऱ्यांचा कामाचा दिवस १४ तासांपर्यंत वाढवण्याचा प्रस्ताव पुढे आला आणि कर्मचारी संघटनेला त्याविरुद्ध उभे राहावे लागले. २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने आपल्या सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांना कमी करण्याचे जाहीर केले. यंत्र घडवणाऱ्याचे हातही यंत्राच्या मालकाने बांधलेले आहेत.

महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी हा प्रश्न फार पूर्वीच ओळखला होता. सरकारने दिलेले फोन निकृष्ट, त्यांची साठवण अपुरी, माहिती भरण्याचे 'पोषण ट्रॅकर' इंग्रजीत, आणि काम न झाल्यास ठपका सेविकेवर. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभर सेविकांनी हे फोन सरकारच्या कार्यालयांत नेऊन परत केले. त्या यंत्राच्या शत्रू नव्हत्या. चांगला फोन द्या, मराठीत अॅप द्या, इतकीच त्यांची मागणी होती. तंत्रज्ञानाविषयीची कष्टकऱ्यांची भूमिका कशी असावी, याचा वस्तुपाठ या सेविकांनी घालून दिला.

यंत्राला विरोध? मुळीच नाही

येथे नेहमीचा आक्षेप उपस्थित केला जाईल : कम्युनिस्टांनी संगणकाला विरोध केला होता, आता फोनलाही विरोध चालला आहे! हा आक्षेप घेणाऱ्यांनी इतिहास वाचावा. मार्क्सने 'भांडवल'च्या पहिल्या खंडात, म्हणजे १८६७ मध्येच, यंत्र आणि यंत्राचा भांडवली वापर यांत भेद केला. यंत्रे फोडणाऱ्या इंग्लंडच्या कामगारांना हा भेद कळायला वेळ आणि अनुभव लागला, हेही त्याने नमूद केले. आपल्या बँक कर्मचाऱ्यांनी तो अनुभव वाया जाऊ दिला नाही. ज्यांची 'संगणकाचे वैरी' म्हणून टवाळी झाली, त्यांच्याच संघटनांनी १९८३ मध्ये बँकांच्या संघटनेशी यांत्रिकीकरण व संगणकीकरणाबाबत करार केला. यंत्रे येणार असतील तर ती कोठे, कोणत्या कामासाठी आणि कोणत्या अटींवर, हे त्यांनी वाटाघाटीच्या टेबलावर आणले. आज फोनमधील अॅपला अशी एकही अट घालणारा करार टपरीवाल्यापाशी किंवा पाकिटे पोहोचवणाऱ्या तरुणापाशी नाही.

१९७८ मध्ये आयबीएमने देश सोडला, तेव्हा तिचे संगणक चालू ठेवण्याची जबाबदारी सीएमसी या सार्वजनिक कंपनीने पेलली. त्याच कंपनीने १९८० च्या दशकाच्या मध्यात रेल्वे आरक्षणाची संगणकीय व्यवस्था उभी केली. रांगा कमी झाल्या, प्रवाशांचा त्रास वाचला, आणि खिडकीमागे माणूस कायम राहिला. जनतेने त्या यंत्राविरुद्ध कधी फलक लावले नाहीत. ही सीएमसी २००१ मध्ये टाटांना विकण्यात आली.

बेंगळुरूला तर हे कोणी शिकवण्याची गरज नव्हती. १९४८ मध्ये आयटीआय, १९५३ मध्ये एचएमटी, १९५४ मध्ये बीईएल असे एकाहून एक सार्वजनिक कारखाने या शहरात उभे राहिले. देशाचे टेलिफोन, देशाची यंत्रे, देशाची घड्याळे येथे बनत. मध्यमवर्गीयाच्या मनगटावरचे एचएमटीचे घड्याळ येथल्या कामगाराने जोडलेले असे, आणि त्या कामगाराला संघटना होती, घर होते, निवृत्तिवेतन होते. १९८०-८१ मध्ये याच कारखान्यांच्या कामगारांनी प्रदीर्घ संप लढवला. जानेवारी २०१६ मध्ये केंद्राने एचएमटीचा घड्याळ-विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला. आज त्याच शहराच्या मनगटावर परदेशी कंपनीचे घड्याळ असते, आणि ते वेळेबरोबरच माणसाच्या झोपेची आणि नाडीचीही नोंद ठेवते. तंत्रज्ञान पुढे गेले हे खरे. त्यावरील जनतेचा ताबा मात्र मागे गेला.

काय मागावयाचे?

उपवासाने ही कोंडी फुटणार नाही. फोन बाजूला ठेवण्याची चैन ज्याला परवडते त्याने ती खुशाल करावी. रेशनच्या यंत्रावर अंगठा उमटला नाही म्हणून रिकाम्या हाताने परतणाऱ्या म्हातारीला तो उपदेश करू नये. तिला हवी आहे दुसरी वाट.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. पहिली मागणी : रेशन, निवृत्तिवेतन, दवाखाना, बस आणि बँक यांपैकी कोठेही केवळ अॅप, अंगठा किंवा सर्व्हर यांच्या अभावी कोणालाही माघारी धाडता कामा नये, खिडकी आणि खिडकीमागचा माणूस हा नागरिकाचा हक्क ठरावा. दुसरी : रोख रकमेने व्यवहार करण्याचा हक्क कायद्याने राखला जावा. भांडवलदारी नॉर्वेनेदेखील १ ऑक्टोबर २०२४ पासून हा हक्क बळकट केला आहे, आणि २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन व पोर्तुगालमध्ये वीज गेली तेव्हा दुकानांतून कामी आली ती नोटच. तिसरी : सार्वजनिक पैशांतून उभ्या राहिलेल्या देयक-व्यवस्थेवर सार्वजनिक बँकांचे सक्षम अॅप असावे आणि ३० टक्क्यांची मर्यादा आणखी पुढे न ढकलता अमलात यावी. चौथी : व्यवहारांच्या माहितीवरून नोटीस काढण्यापूर्वी माणसाने तपासणी करावी आणि विक्रेत्याचे म्हणणे ऐकून घ्यावे. पाचवी : कामाची वाटणी व मोबदला ठरवणाऱ्या अॅपचे नियम कामगार संघटनांपुढे खुले करावेत आणि ते सामुदायिक कराराचा विषय व्हावेत.

या मागण्या स्वप्नवत वाटत असतील त्यांनी जुलै २०२५ च्या शेवटाकडे पाहावे. फलक लावून एकट्या टपरीवाल्याची सुटका होणार नव्हती. गिऱ्हाईक फोन घेऊनच येत होते आणि रोखीचा हट्ट धरणाऱ्याचा धंदा शेजाऱ्याकडे जात होता. केंद्रातील मंत्री राज्याकडे बोट दाखवत होते, राज्य सरकार वस्तू व सेवा कर परिषदेकडे. परंतु विक्रेते एकत्र आले, दूध व चहाची विक्री थांबवण्यापर्यंत गेले आणि २५ जुलैच्या बंदची हाक त्यांनी दिली, तेव्हा २३ जुलै रोजी मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांना त्यांच्याशी बैठक घ्यावी लागली. नोंदणी करणाऱ्या छोट्या विक्रेत्यांकडून जुनी थकबाकी वसूल केली जाणार नाही आणि दूध, भाजी, फळे, मांस अशा करमुक्त मालावर कर लागणार नाही, असे आश्वासन त्यांनी दिले.

त्या आठवड्यात यंत्र तेच होते, कोड तोच होता, कायदाही तोच होता. पलीकडे उभी असलेली माणसे मात्र सुटी राहिली नव्हती. आश्वासनावर थांबणे मात्र परवडणारे नाही. माहिती अजून कंपन्यांच्याच कोठारात आहे आणि पुढची नोटीस कोणत्याही शहरात, कोणत्याही खात्याकडून येऊ शकते. प्रत्येक शहरातील फेरीवाले, रिक्षाचालक, पाकिटे पोहोचवणारे तरुण, अंगणवाडी सेविका आणि संगणकापुढे बसणारे अभियंते यांना या एका प्रश्नावर एका मंडपाखाली आणणे, हे आजचे तातडीचे काम आहे.